कुलूप बघून निवडलेलं कॉलेज

आषाढातला वारा सुटला की आमच्या दुकानातले कागद उडायला लागतात आणि मला राग यायला लागतो. दोन्ही इतक्या नेमानं होतं की अप्पा हल्ली आधीच तयारी करतात. कागदांवर ठेवायला लोखंडाचे जुने तुकडे शोधून काढतात आणि माझ्याकडे न बघता म्हणतात, "गाळी सुटली बघ." गाळी म्हणजे वारा. आमच्या घरचं मराठी असंच, अर्धं कन्नड. पूर्वज म्हैसूरच्या फौजेत होते म्हणतात. फौज गेली, तलवारी गेल्या, भाषा राहिली, तीही अशी पाण्यात भिजलेल्या पोह्यांसारखी. लिहिण्याजोगं मराठी मी पुढं वरच्या मजल्यावर पुण्याहून राहायला आलेल्या काकूंकडून शिकले. पण राग मात्र मला अजून घरच्याच भाषेत येतो.

या वाऱ्याबरोबर म्हैसुरात ॲडमिशनचे दिवस येतात. फणसाच्या गाड्या संपत आलेल्या असतात, रस्त्यात त्यांचा तो चिकट गोड वास राहिलेला असतो, आणि लष्कर मोहल्ल्यात आमच्या शेजारी ट्रंका बनवणाऱ्याची ठोकाठोक वाढते. वर्षभर तो पत्र्याचे डबे आणि पेट्या ठोकतो, या दोन महिन्यांत फक्त ट्रंका. निळ्या, हिरव्या, झाकणावर हातानं काढलेला गुलाब. प्रत्येक ट्रंक म्हणजे कुणीतरी घर सोडून निघालंय. आमचं दुकान एके काळी नुसता छापखाना होतं, आता पोट झेरॉक्सवर चालतं. मार्ककार्ड, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, तीन तीन प्रती. मशीनमधून निघालेला कागद गरम असतो, पोळीसारखा. मुली तो हातात घेतात आणि छातीशी धरतात.

परवा बन्नूरच्या बसमधून उतरून एक गृहस्थ आणि त्यांची मुलगी दुकानात आली. बन्नूर इथून तासाभरावर, उसाचं आणि भाताचं गाव. गृहस्थांनी फाईल काउंटरवर ठेवली आणि कन्नडमध्ये विचारलं, "मॅडम, मुलींसाठी सेफ हॉस्टेल कुठलं? त्या हॉस्टेलजवळचं कॉलेज घेऊ."

"कोर्स कुठला?" मी मुलीला विचारलं.

"कोर्सचं नंतर बघू," वडील म्हणाले. "आधी हॉस्टेल."

मशीन तापायला वेळ लागणार होता. मी त्यांना बसायला सांगितलं. आणि तो शब्द माझ्या डोक्यात फिरायला लागला. सेफ. मला आजवर कुणी सांगितलेलं नाही की या शब्दात नेमकं कोण सुरक्षित राहतं. मुलगी, की मुलीच्या बापाची झोप?

आमच्या चैत्राच्या वेळीही हाच शब्द होता.

चैत्रा माझ्या आत्याची मुलगी. बन्नूरची. तिच्या घरामागं गुऱ्हाळ होतं, म्हणजे अजूनही आहे. लहानपणी ती कढईच्या शेजारी उभी राहायची. उकळत्या रसात गुळवे चुन्याची निवळी ओतायचे, मग मळी वर यायची आणि रस सोन्यासारखा व्हायचा. ती विचारायची, "चुना घातला की असं का होतं?" गुळवे म्हणायचे, "होतं बाई." आत्या म्हणायची, "बाजूला हो, पोळशील." बारावीला तिला रसायनशास्त्रात म्हैसुरातल्या एका चांगल्या कॉलेजात जागा मिळण्याइतके मार्क पडले, तेव्हा सगळ्यांना आश्चर्य वाटलं. मला वाटलं नाही. सहा वर्षांची असल्यापासून ती एकच प्रश्न विचारत होती. तिला उत्तर देणारी जागा फक्त पंचवीस किलोमीटर लांब होती, एवढंच.

काकांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, अट घातली. हॉस्टेल बरं मिळालं तर कॉलेज. नाहीतर बन्नूरलाच जे असेल ते. आमच्या घरी राहायचं तर आमच्या दोन खोल्या छापखान्याच्या माथ्यावर. रूळ धुवायला रॉकेल, शाई, गोंद. चैत्राला लहानपणापासून दमा. आमच्या जिन्याच्या चौथ्या पायरीवरच तिची छाती वाजायला लागायची. ती दुकानात आली की बाहेरच्या पायरीवर बसायची, आम्ही तिला तिथं चहा द्यायचो, आणि ती म्हणायची, "तुमचं घर मला बाहेरूनच आवडतं कणक्का." कणक्का म्हणजे 'बघ अक्का'.

म्हणून त्या वर्षी आषाढात मी आणि ती हॉस्टेलं बघत फिरलो. कॉलेज बघायला नव्हे. हॉस्टेलं. हे मला आज जास्त टोचतं. त्याच सुमारास माझ्या वर्गातल्या मित्राचा भाऊ कॉलेजं बघत फिरत होता. त्याच्या बोलण्यात प्रयोगशाळा होत्या, प्राध्यापक होते, क्रिकेटचं मैदान होतं. राहायचं कुठं, हे त्यानं जागा घेतल्यावर एका दुपारी ठरवलं. मुलं विषय बघून कॉलेज निवडतात. आम्ही कुलूप बघून निवडत होतो.

अप्पांनी लग्नपत्रिकांच्या कापलेल्या कडांची एक वही शिवून दिली होती. लांबट, अरुंद. तिच्यात मी रकाने आखले. खिडकी. पाणी. गेट किती वाजता बंद. प्रयोगशाळेपासून किती मिनिटं. दारात वही असते का, त्यात काय लिहावं लागतं. असं सगळं मांडायची मला सवयच होती. मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. इतर मुलं पुस्तकातलं 'कमळ' वाचत होती तेव्हा मी 'निषेध' वाचत होते, कारण तो दुकानात मोठ्या टायपात पडलेला असे. गिरणीचा संप, नळाचं पाणी, फेरीवाल्यांना हटवण्याविरुद्ध, सगळी पत्रकं अप्पांच्या हाताखालून जायची. आणि प्रत्येकाच्या तळाशी बारीक टायपात आमच्या छापखान्याचं नाव आणि पत्ता. कायदा तसा आहेच, पण अप्पांसाठी ते कायद्यापेक्षा मोठं होतं. "खाली नाव नाही तो कागद नाल्यात टाक," ते म्हणायचे. "बोलायचं तर तोंड दाखवून."

चामराजपुरममधलं एक जुनं कौलारू घर आठवतं. आता पीजी झालेलं. अंगणात तुळस, दारात रांगोळी, मालकीणबाई हसतमुख. "घरासारखंच आहे," त्या म्हणाल्या. आत एका मोठ्या खोलीचे प्लायवूड ठोकून दोन भाग केलेले. प्लायवूड बरोबर खिडकीच्या मधोमध येऊन थांबलेलं. एक झडप या मुलींची, एक झडप त्या मुलींची, आणि कडी पलीकडच्या भागात.

चैत्रानं झडप ढकलून बघितली. हलली नाही.

"अम्मा, ही उघडायची कशी?"

"पलीकडच्यांना सांगायचं. त्या उघडतात."

"आणि त्या सुट्टीला गावी गेल्या तर?"

"तर तू पण जा ना गावी," बाई म्हणाल्या आणि स्वतःच्या विनोदावर इतक्या हसल्या की चैत्रालाही हसू आलं. बाहेर आल्यावर तिनं मोठा श्वास घेतला. "अक्का, लिही. खिडकी, अर्धी."

मी लिहिलं. ते पान अजून आहे.

कॉलेजच्या स्वतःच्या हॉस्टेलचं माहितीपत्रक गुळगुळीत कागदावर होतं. छपाई चांगली होती, तेवढं मी मान्य करते. त्यात वाचनकक्षाचा फोटो, लाकडी टेबलं, दिवे, वाचणाऱ्या तीन मुली. प्रत्यक्षात वाचनकक्षाला कुलूप होतं. काचेतून टेबलं दिसत होती, तीच, फोटोतली. वॉर्डननं सांगितलं, किल्ली ऑफिसात असते, तपासणीला कमिटी येते तेव्हा उघडतो. "नाहीतर मुली धूळ करतात," ती म्हणाली. त्या हॉस्टेलात जागाही नव्हती. यादीत चैत्राचा नंबर इतका खाली होता की तो वाचायला वाकावं लागलं.

नऊ ठिकाणं बघितली. कुठं जिन्यात कॅमेरा होता पण दिवा नव्हता. एका गच्चीवर कपडे वाळत घालायला मनाई होती, कारण समोरच्या घरातल्या लोकांना ते दिसतात. समोरच्या घरातल्या लोकांना डोळे मिटायला कुणी सांगितलं नव्हतं. लिहिताना माझी पेन्सिल कागदातून आरपार जायची. चैत्रा म्हणायची, "सुम्निरे अक्का, गप राहा थोडी. मला राहायचंय, तुला नाही." मी हसून सोडून दिलं. ते वाक्य मी तेव्हाच वहीत लिहून ठेवायला हवं होतं, सगळ्यात वरच्या ओळीत.

शेवटचं ठिकाण आपल्या लोकांचं. म्हैसुरात जवळजवळ प्रत्येक समाजाचं एक वसतिगृह आहे. कुणी जुन्या काळी जमीन दिली, कुणी विटा दिल्या, गावाकडच्या पोरांना शिकता यावं म्हणून. ही चांगली गोष्ट आहे, आणि त्यातून शिकलेल्या माणसांनी हे शहर भरलेलं आहे. तसं आमच्या लोकांचंही एक. राहणं फुकट, जेवण बरं. संस्थेचे सेक्रेटरी पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. त्यांनी आधी आमचं आडनाव विचारलं, मग कुलदैवत, मग आत्याच्या सासरचं गाव, आणि सगळं जुळल्यावर चेहरा उजळला.

"म्हणजे छापखानेवाल्या रावांची भाची! आमच्या मुलाची मुंज तिथंच छापली. बस ग, बस. मराठी येतं ना?"

"येतं," चैत्रा म्हणाली.

"बोल बघू काहीतरी."

चैत्रा क्षणभर गोंधळली. मग म्हणाली, "खिडक्यांना रंग का लावलाय?"

खिडक्यांच्या काचांना आतून हिरवा तैलरंग लावलेला होता, वरपर्यंत. सेक्रेटरी हसले. "बाहेर पोरं असतात बाळ. तुमच्याच भल्याचं." मॅट्रन, सगळ्या ज्यांना मावशी म्हणत, त्यांनी आम्हाला खोल्या दाखवल्या. स्वच्छ होत्या. प्रत्येक मुलीला स्वतःचं टेबल होतं. मागच्या अंगणात पत्र्याची एक खोली होती, तिला वेगळा नळ. मी विचारलं, ही कसली? "सामानाची," मावशी म्हणाल्या. मी वहीत लिहिलं, सामानाची खोली.

काकांना ते पसंत पडलं. गेट सहाला बंद, सेक्रेटरी ओळखीतले. आणि तिथून चालत जाण्यासारखं रसायनशास्त्राचं एकच कॉलेज होतं, ते चैत्राला हवं होतं ते नव्हे. हवं होतं तिथली प्रयोगशाळा साडेपाचला सुटायची आणि बस धरून सहाच्या आत गेटवर पोचणं शक्य नव्हतं. म्हणून कॉलेज बदललं. गेटसाठी कॉलेज बदललं. हे वाक्य मी कितीदा लिहिलं तरी हाताला शांत वाटत नाही. शेजारच्या दुकानातून आम्ही निळी ट्रंक घेतली, गुलाबाची. चैत्रा खूश होती. मी खूश नव्हते, पण तेव्हा कुणी मला विचारलं नव्हतं, आणि खरं तर विचारायचं कारणही नव्हतं.

पुढं दर रविवारी ती यायची. दुकानाच्या पायरीवर बसून आम्ही कागदाच्या शंकूतून चुरमुरी खायचो, कच्चा कांदा, किसलेलं गाजर, वरून नाकात जाणारं तिखट. एका रविवारी ती हसत हसत म्हणाली, "अक्का, ती सामानाची खोली आठवते? आम्ही तिला ऊटी म्हणतो. इतकी थंड."

"तुम्ही कशाला जाता तिथं?"

"बाहेरचं झालं की. तीन दिवस. ताट पण वेगळं." तिनं शंकू उलटा करून शेवटचे चुरमुरे तोंडात टाकले. "दारातल्या वहीत पण रकाना आहे कणक्का, तुझ्यासारखाच. 'बाहेर' असा. मावशी खूण करतात. महिन्याला सेक्रेटरी वही बघतात, सही करतात."

तिनं माझ्याकडे बघितलं. "तू नको चिडू. मावशी म्हणतात, आपल्यात असतं ना हे. घरी पण आहेच की." मग थोड्या वेळानं, सहज, चप्पल घालता घालता ती म्हणाली, "गेल्या वेळी भिंतीच्या ओलीनं दम लागला मला. पंप होता जवळ, ओढला. दम गेला."

मी पूर्ण आठवडा जळत होते. एक पुरुष खिशाला दोन पेनं लावून मुलींच्या पाळीच्या रकान्याखाली सही करतो. प्रयोगशाळेत आम्लं हाताळणारी मुलगी लोणच्याच्या बरणीला हात लावू शकत नाही. ओल्या भिंतीशी तिची छाती वाजते आणि ती म्हणते, गेला. मला वाटलं, आता लिहिलं नाही तर मी आयुष्यभर जे छापताना बघितलं त्याला काय अर्थ? प्रवेशाची दुसरी फेरी पुढच्याच आठवड्यात होती. नव्या मुली हॉस्टेलं निवडणार होत्या. मी वही काढली आणि कन्नडमध्ये पत्रक लिहिलं. वसतिगृह निवडण्यापूर्वी हे वाचा. अर्धी खिडकी, कुलूपबंद वाचनकक्ष, सगळं घातलं. आणि मधोमध चौकटीत, जाड टायपात, मथळा: ऊटीची खोली. खाली दोन ओळी, की एका वसतिगृहात मुलींना महिन्याचे तीन दिवस मागच्या ओल्या खोलीत झोपवतात आणि गेल्या महिन्यात तिथं एका मुलीला दम्याचा झटका आला.

कुठल्याही संस्थेचं नाव नव्हतं. चैत्राचं नाव तर नव्हतंच. त्याची मी काळजी घेतली होती, असं मला वाटलं होतं. आणि तळाशी, अप्पांच्या शिकवणीप्रमाणे, ताठ मानेनं, आमच्या छापखान्याचं नाव आणि पत्ता.

कॉलेजांच्या दारात उभी राहून मी ती पत्रकं वाटली. मुली घेत होत्या, थांबून वाचत होत्या. एकीनं तिथंच मैत्रिणीला हाक मारली, "ए, हे बघ, आपल्याकडेच आहे." इतका आनंद मला क्वचित झाला असेल. हे लिहायला मला लाज वाटते, पण खोटं लिहिण्यापेक्षा बरं.

तिसऱ्या दिवशी सेक्रेटरी दुकानात आले. पत्रकाची घडी उलगडून त्यांनी काउंटरवर ठेवली आणि मजकुराकडे न बघता तळाच्या ओळीवर बोट ठेवलं.

"राव, हे तुमचंच नाव ना?"

"आमचंच," अप्पा म्हणाले. छाती पुढं काढून म्हणाले.

"मग कुणाच्या भाचीनं सांगितलं ते मला शोधायला नको." त्यांचा आवाज अगदी मऊ होता. "पंप वापरणारी मुलगी एकच आहे आमच्याकडे. आणि त्या खोलीला पोरी काय म्हणतात ते तर आम्हालाही ठाऊक नव्हतं. फुकट ठेवलं, जेवायला घातलं, आपलं पोर म्हणून. आम्ही काढत नाही हो कुणाला. पण मुलींनाच आता तिच्याबरोबर राहायला नको वाटतंय. तुम्हीच सोय बघा."

ते गेले. अप्पा बराच वेळ ती तळाची ओळ बघत राहिले, जणू प्रूफ तपासत होते. मग म्हणाले, "नाव घातलंस ते बरोबर केलंस. पण कुणाचं घातलंस?"

अर्धी खिडकी दिसली की वहीत तिच्यावर पानभर लिहिणारी मी, आणि आमचं नाव छापलं की त्याच्याखाली तिचं नाव आपोआप उमटतं एवढं मला दिसलं नव्हतं. पत्रकांच्या घरात वाढलेल्या माणसाला वाटतं, सही केली की धाडस झालं. सही माझी होती. ट्रंक तिची उचलली गेली.

काका दुसऱ्या दिवशी आले. निळी ट्रंक त्यांनी दुकानापाशी क्षणभर टेकवली, अप्पांना म्हणाले, "दादा, तुमच्या कागदानं केलं हे," आणि पुन्हा डोक्यावर घेऊन बस स्टँडकडे चालू लागले. चैत्रा त्यांच्या मागून गेली. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. शेजारी ठोकाठोक चालू होती, नवीन ट्रंका होत होत्या.

भर सत्रात दुसरीकडे जागा मिळेना. तिनं बन्नूरहून ये-जा सुरू केली. ऊसतोडीचे दिवस आले, रस्त्यावर ट्रॅक्टर, धूळ, चिपाडं. थंडीनं बसच्या खिडक्या बंद आणि आत माणसांचा वाफारा. डिसेंबरपर्यंत तिनं ताणलं. मग छातीनंच ठरवलं. तिनं कॉलेज सोडलं आणि पुढं गावातूनच, पुस्तकं मागवून, दुसऱ्याच विषयात पदवी घेतली. त्यात प्रयोगशाळा नव्हती.

मी बन्नूरला गेले तेव्हा गुऱ्हाळ चालू होतं. हवेत तो गरम, जड, गोड वास. ती कढईपासून लांब, वाऱ्याच्या वरच्या अंगाला बसली होती. मी माफी मागायला गेले होते, पण सुरुवात भांडणानं झाली, कारण मी म्हणाले, "ते चूकच होतं ग, ती खोली."

"चूकच होती," ती म्हणाली. "पण तुझ्या कागदात टेबल कुठं होतं?"

"कुठलं टेबल?"

"माझं टेबल. हिरव्या खिडकीपाशी. मी कर्कटकानं काचेवरचा रंग खरवडून एक भोक पाडलं होतं, एवढंसं. तिथनं होंगेच्या झाडाची एक फांदी दिसायची. घरी मला कधी टेबल नव्हतं अक्का. तिथं सत्तावीस दिवस टेबल होतं आणि तीन दिवस ती खोली. सोसायचं की ओरडायचं, ते मी ठरवत होते. आमच्या खोलीतल्या चौघी मिळून आम्ही मावशींशी बोलणार होतो, परीक्षा झाल्यावर." ती थांबली, श्वास घेतला. "अप्पांनी मला विचारलं नाही. सेक्रेटरींनी विचारलं नाही. आणि तू पण नाही."

तिचे अप्पा म्हणजे काका. त्या दोघांच्या रांगेत तिनं मला उभं केलं आणि मला तिथून बाहेर पडायला वाट नव्हती. मी आयुष्यभर ज्यांच्याविरुद्ध पत्रकं वाचली, छापली, वाटली, त्यांच्याच शेजारी. मुलीच्या भल्याचं मुलीला न विचारता ठरवणारे लोक. त्यांचं कुलूप होतं, माझा कागद होता.

याचा अर्थ ते निर्दोष ठरतात असा कुणी काढू नये. मी मुळीच काढत नाही. ती खोली अजून आहे. तिला आता आतून टाइल्स लावल्यात, पंखा बसवलाय, आणि दारावर पाटी आहे, विश्रांती कक्ष. पालकांना ती आता अभिमानानं दाखवतात. रकान्याखालची सही चालूच आहे. चामराजपुरमच्या त्या घरात खिडकीचे आता तीन भाग झालेत असं ऐकते. शहरभर दर आषाढात बाप फाईल घेऊन फिरतात आणि विचारतात, गेट किती वाजता बंद होतं. गेट किती वाजता उघडतं, हे विचारणारा मला अजून भेटलेला नाही. राग आला नाही तर माणूस कशाला व्हावं?

फक्त आता तो राग कागदावर उतरवण्याआधी मी ज्याची गोष्ट आहे त्याच्या दारात जाते. कधी दार उघडत नाही. मग ते पत्रक निघत नाही. अशी न निघालेली तीन पत्रकं माझ्या खणात आहेत, आणि ती मला निघालेल्यांपेक्षा जड वाटतात.

चैत्रा आज बन्नूरला औषधाच्या दुकानात असते. बाटलीवरचं प्रत्येक नाव ती गिऱ्हाइकाला समजावून सांगते, म्हातारी माणसं तिच्यासाठी थांबून राहतात. माझ्याशी बोलायला लागायला तिला दोन वर्षं लागली. पहिला फोन तिनंच केला. म्हणाली, "अक्का, चुना घातला की मळी वर का येते ते मला कळलं. पुस्तकात होतं." आणि उत्तर नीट समजावून सांगितलं. मी ऐकत राहिले. मला काही कळत नव्हतं आणि मध्ये एक शब्दही बोलायची माझी हिंमत नव्हती.

परवा मशीन तापलं. मी त्या मुलीच्या मार्ककार्डाच्या प्रती काढल्या. रसायनशास्त्राचे मार्क सगळ्यात वर होते, ते बघायला वाकावं लागलं नाही. वडील पुन्हा म्हणाले, "सांगा ना मॅडम. तुम्हाला सगळी हॉस्टेलं ठाऊक आहेत म्हणून स्टँडवर सांगितलं कुणीतरी."

मला ठाऊक होती. वही खणात होती. जुनी नऊ आणि नंतरची कितीतरी. मी वही काढली, मुलीसमोर ठेवली, वडिलांसमोर नव्हे. मग चैत्राला फोन लावला.

"तुमच्या गावची एक मुलगी आलीय. हॉस्टेल बघतेय. बोलशील? तुला वाटलं तर."

पलीकडे औषधाच्या दुकानातला गोंधळ ऐकू येत होता. "तिला दे," चैत्रा म्हणाली. "तू लांब हो."

मी फोन मुलीच्या हातात दिला आणि लांब झाले. वाऱ्यानं कागद फडफडत होते. अप्पा एकेकावर लोखंड ठेवत होते. मुलगी आधी नुसतं "हां अक्का, हां" म्हणत होती. मग तिनं पाठ आमच्याकडे केली, गरम झेरॉक्सची एक प्रत उलटी करून काउंटरवर ठेवली आणि लिहायला लागली. मग ती काहीतरी विचारायला लागली. एकामागून एक. आवाज खाली होता, मला ऐकू येत नव्हता, आणि मी ऐकायचा प्रयत्न केला नाही.

थोड्या वेळानं वडिलांनी घड्याळ बघितलं. परतीची बस. त्यांनी हात पुढं केला, फोनसाठी.

"थांबा हो," मी म्हणाले. माझा आवाज हवा होता त्यापेक्षा चढला. "तिचं बोलून व्हायचंय अजून."